काठीवरची शेवटची खाच

मी एक जुनी वेळूची काठी आहे, मित्रांनो. निजाम सरकारच्या अमलात आश्रुबाने मला शिरूरच्या ओढ्याकाठी तोडले. आश्रुबा मूळचा मेंढपाळ. चुकलेल्या मेंढरांचा माग काढता काढता तो माणसांचाही काढू लागला, आणि पोलीस चौकीने त्याला ठेवून घेतले. कुठे खून पडला की तो मारेकऱ्याच्या पावलावर आधी टोपली पालथी घाली, म्हणजे ते पुसत नसे. मग मला लावून पावलाचे माप घेई आणि माझ्या अंगावर खाच पाडी. एक खाच म्हणजे एक मुडदा. मला ते मुळीच आवडत नसे, पण काठीला कोण विचारतो?

वीस वर्षांत सतरा खाचा झाल्या. माग आश्रुबा काढी आणि बढती जमादाराला मिळे. आश्रुबा होता तिथेच राहिला.

एकदा गावाकडचा सिदू निरोप घेऊन आला. "तुमच्या बंकटच्या पायावर धोंडा पडलाय. पोरगं लई कळवळतंय. एकडाव येऊन जावा, म्हनली वैनी."

आश्रुबाने रजा मागितली. जमादार म्हणाला, "धोंड्यानं कुनी मरत न्हाई बे. एक मोठा माग लावून दे, तुला नाईक करून तुझ्याच गावच्या चौकीत बसवतो. मंग ऱ्हा घरी."

रोज बायकोच्या, मनकर्णाच्या हातची भाकर आणि लेकाची सोबत. त्या आशेवर आश्रुबा आठ महिने घरी फिरकला नाही.

मग मांजरसुंब्याच्या घाटात एक वाटसरू पडला. कुऱ्हाडीने पोट फाडलेले, आतडी धुळीत. रक्ताच्या चिखलात एकच पाऊल उमटले होते, डाव्या पायाचा अंगठा वाकडा. आश्रुबाने अठरावी खाच पाडली आणि धावतच सुटला. जमादार मागून धापा टाकत येत होता.

भरदुपारी माग एका बाभळीखाली थांबला. तोंडावर घोंगडी ओढून कोणीतरी झोपले होते. वाकडा अंगठा बाहेर आला होता.

"ह्योच," आश्रुबा म्हणाला.

जमादाराने मला हिसकून घेतले आणि घाव घातले. पहिला डोक्यात, पुढचे बरगड्यांत. हाडे मोडलेली मी ऐकली, मित्रांनो. ती मीच मोडत होते. घोंगडी सरकली.

"बाबा," बंकट म्हणाला, "म्या फकस्त पानी पाजलं त्याला. भ्याव वाटलं म्हनून पळालो."

एवढे बोलून तो गेला. मला वाटले, आता आश्रुबा मला उचलेल आणि जमादाराची कवटी फोडेल. त्याने उचलले नाही. अंगात वीस वर्षांची नोकरी मुरली होती. तो हुकमाची वाट पाहत लेकाच्या पायाशी बसून राहिला.

खरा मारेकरी पुढच्या महिन्यात भलतीकडेच सापडला. जमादार बढती मिळून अमीन झाला. नाईकी दुसऱ्याच कुणाला गेली.

मनकर्णा मला चुलीत घालायला निघाली होती. त्याआधी लेकाचे रक्त धुताना तिचे बोट शेवटच्या खाचेवर थांबले.

"ही त्याच्या पायाची हाय?"

आश्रुबाने मान डोलावली. चुलीत तिने दुसरे लाकूड घातले.

मित्रांनो, जगाची पावले खुशाल ओळखा, पण घरच्या पावलांना विसरू नका. मनकर्णा म्हातारपणी मलाच टेकून चालली. अंगठा मात्र ती नेहमी त्या खाचेवर ठेवी.