तेलपाण्याची सुट्टी

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. महाडच्या बाजारपेठेत, जिना चढून आलं की खिडकीपाशी माझी जागा. अंगावरची सोनेरी वेलबुट्टी कधीच झिजली. पण टाका अजून मोत्यासारखा पडतो, असं आमची मालकीण रंजिताताई म्हणते. ती शाळांचे गणवेश शिवून देते. मी नवी आले तेव्हा हळदकुंकू वाहून, नारळ फोडून माझं कोण कौतुक झालं! पुढे विजेच्या मशिनी आल्या आणि माझी रवानगी कोपऱ्यात झाली. माझ्यावर नुसते कापडाचे गठ्ठे पडू लागले.

मला पुन्हा उजेडात आणलं ते सोनालीने. पोलादपूरच्या वरच्या वाडीतून ती रोज एसटीने इथे शिवणकामाला येते. दर शनिवारी मला थांबवून पुसते, तेल घालते. तेवढा वेळ काम बंद राहतं, पण कोणी कुरकुरत नाही.

यंदा चैत्रात तिचा पाय पॅडलवर जरा जपून पडू लागला. मग हळूहळू स्टूलही मागे सरकलं. मी काय ते ओळखलं आणि मला आनंद मावेना! पण बोलायची सोय नव्हती. सोनालीची सासू चंद्राबाई हिने बजावलं होतं, पाच महिने भरल्याशिवाय बाहेर अवाक्षर काढायचं नाही, नजर लागते. आता दवाखान्यात तपासणीला तर जायलाच हवं. मग सोनालीने रंजिताताईला थाप मारली, की सासूबाईंचे गुडघे धरलेत, त्यांना सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर न्यायचंय. थाप खपली. पुढच्या तपासणीलाही तेच गुडघे कामी आले.

पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीची तारीख मात्र नेमकी गणवेशांच्या घाईत आली. गुडघे काही पळून जात नाहीत, शाळा उघडल्यावर ने, असं रंजिताताईने सांगून टाकलं. ही तपासणी चुकवू नको, असं डॉक्टरीणबाईंनी सोनालीला निक्षून सांगितलं होतं. त्या सकाळी ती माझ्यासमोर बसली खरी, पण डोळे भरून आल्यामुळे तिला सुईत दोरा ओवता येईना. माझाही जीव टांगणीला लागला.

इतक्यात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. डोक्यावर फणस घेऊन चंद्राबाई वर आली. दवाखान्याच्या दारात वाट पाहून कंटाळली होती बिचारी. रंजिताताई तिच्या गुडघ्यांकडे बघतच राहिली. मावशी, तुमचं दुखणं बरं झालं का, असं तिने विचारलं.

"माज्या गुडघ्यांना काय धाड भरलीय?" चंद्राबाई म्हणाली. मग खाली मान घातलेली सून तिला दिसली, आणि ती एकदम नरमली. "चूक माजी हाय, बाय. नजरंच्या भ्यानं मीच तिचं तोंड बांधलं. पोर पोटुशी हाय. आज तिची तपासनी हाय, तिला सोड."

रंजिताताईने हातातली कात्री खाली ठेवली. मग सोनालीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "अगं, या मशीनच्या तेलपाण्याला मी काम थांबवते. तुझ्यासाठी थांबवलं नसतं का?"

दोघी गेल्या. आणि काय सांगू, रंजिताताई स्वतः पदर खोचून माझ्यावर बसली! कितीतरी वर्षांनी तिचे पाय माझ्या पॅडलवर आले. आम्ही दोघींनी बाह्यांचा ढीग खाली आणला.

दुपार कलल्यावर सोनाली हसतच परतली. सगळं ठीक होतं. तिने माझ्या पॅडलवर सावकाश पाय ठेवला, चार टाके घातले आणि थबकली.

"ताई, हिचा आवाज झाला की पोटात हलतंय."

मित्रांनो, माझं चाक नंतर कितीतरी वेळ नुसतंच फिरत होतं!

आता माझ्या खणात पांढऱ्या मऊ सुती कापडाचा एक तुकडा ठेवला आहे. बाळ येईपर्यंत त्याला कात्री लावायची नाही, ही चंद्राबाईची सक्त ताकीद. तोवर माझं एवढंच मागणं आहे. मला वेळच्या वेळी तेल घाला, आणि सोनालीला वेळच्या वेळी तपासणीला जाऊ द्या. त्या कापडाचं झबलं मलाच शिवायचं आहे.