गिऱ्हाईक कुणाचं

"आज रोप मिळणार नाही," आक्का म्हणाली आणि मान वर न करता तिनं पाण्याचा पाइप पुढच्या रांगेकडं ओढला.

"अगं, माणूस टेम्पो घेऊन फाटकात उभा आहे," तिचा धाकटा भाऊ म्हणाला. "त्याला काय सांगू?"

"सांग, रोप अजून सावलीत आहे."

"त्याला काय कळतंय सावली नि ऊन. हिरवंगार दिसतंय, खुशीनं घेऊन जाईल."

"जाईल की. आणि रानात लावल्यावर रोपांनी माना टाकल्या, मग शिव्या कुणाला? टेम्पोवाल्याला?"

भावानं कपाळावर हात मारला. "अशानं धंदा नाही होत, आक्का. गिऱ्हाईक म्हणजे दारात आलेली लक्ष्मी."

"लक्ष्मीला म्हणावं पुढच्या आठवड्यात ये," आक्का म्हणाली आणि पाणी सोडलं.

हे भांडण दर हंगामाला व्हायचं. आक्काची नर्सरी होती, भाजीपाल्याच्या रोपांची. टोमॅटो, वांगी, कोबी, मिरची. वर हिरवी जाळी, खाली ट्रेच्या रांगा, आणि ट्रेच्या एकेका खणात एकेक रोप. जाळीखालचं रोप लाडात वाढतं. ते विकायच्या आधी वरची जाळी काढायची, पाणी तोडायचं, उन्हावाऱ्यात उभं करायचं. पानं जरा जाड होतात, खोड काळपट होतं, दिसायला रोप उतरतं. पण तेच रानात तग धरतं. आक्का उन्हाला न काढलेलं रोप देत नसे. मग दारात राजा का येईना.

भाऊ फाटकाकडं गेला आणि त्या टेम्पोवाल्याशी असा काही गोड बोलला, की रिकाम्या टेम्पोनं परत जाताना तो माणूस हसत हात हलवून गेला. बोलण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता. लोक त्याला मॅनेजर म्हणायचे. ते नाव त्याला इतकं चिकटलं होतं, की खुद्द आक्काही कधीकधी "अरे मॅनेजर, चहा झालाय," म्हणून हाक मारायची.

आई गेली तेव्हा हा एवढासा होता. आक्कानं त्याला कडेवर वागवला, लग्न होऊन आली तेव्हा सोबत आणला. पुढं नवरा गेला. मागं राहिली ती विहिरीकडेची जमिनीची एक पट्टी. तिच्यावर तिनं बांबू रोवले, जाळी ताणली आणि नर्सरी उभी केली. भावाचं शिक्षण अर्धवट, नोकरी मिळेना. तिनं त्याला हाताशी घेतलं, त्याचं लग्न लावून दिलं आणि कामाची वाटणी करून टाकली. माती लागलेला हात आत, कोरडा हात फाटकात. आक्का पेरणार, पाणी घालणार, रोप उन्हाला काढणार. गिऱ्हाईक बघणार तो. कुणाला कधी लावण करायची, कुणाचं रान निचऱ्याचं, कुणाचं पाणी धरणारं चिबड, कोण रोख देतो, कोण पीक आल्यावर, सगळं त्याला तोंडपाठ.

ट्रे भरायला एक मावशी यायची. तोंडानं फटकळ, मनानं साफ. ती एकदा म्हणाली होती, "आक्के, तूही फाटकात जात जा अधनंमधनं. बोलणाऱ्याची बोरं खपतात, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात."

"मी बोलायला लागले तर आहे ते गिऱ्हाईकही पळून जाईल," आक्का हसून म्हणाली होती. "आणि तो काय परका आहे?"

धंदा कसा करावा हे सांगणारे गल्लोगल्ली भेटतात. भांडवल किती घालावं, उधारी किती ठेवावी, माल कसा रचावा, सगळं सांगतात. दारात कोण उभं राहणार, हे मात्र कुणी सांगत नाही. सांगितलं असतं तरी आक्कानं ऐकलं असतं, असं नाही. भावाच्या बाबतीत बाई आंधळी होती, सरळ सांगायचं तर.

त्या हंगामात तिनं टोमॅटोचं रोप नेहमीपेक्षा जास्त धरलं. मॅनेजरनंच सांगितलं होतं, मागणी जोरात आहे, बेधडक पेर. घरातलं होतं नव्हतं ते बियाण्यात गेलं. रोप उगवलंही झकास. आक्कानं जाळी गुंडाळली, पाणी तोडलं. त्याच सुमाराला भाऊ म्हणाला, "सासऱ्यांना बरं नाही, बायकोला घेऊन चार दिवस जाऊन येतो. गिऱ्हाइकांना सगळं सांगून ठेवलंय, ती आपापली येतील."

"जा बाबा. सासरा म्हणजे बापच," आक्का म्हणाली आणि वाटेला लागतील म्हणून त्याच्या हातात पैसेही कोंबले.

ठरल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आक्कानं हात धुतले, धड लुगडं नेसली आणि फाटकात खुर्ची टाकून बसली. रस्त्यानं टेम्पो जात होते, रोपांनी भरलेले. तिला वाटलं, दुसऱ्या गावचे असतील. ट्रेमधलं रोप मात्र थांबायला तयार नव्हतं. ते वर वर चाललं, खालची पानं पिवळी पडायला लागली. रोप म्हणजे काही लोखंडी माल नव्हे, की आज नाही तर उद्या खपेल. वेळ टळली, की उपटून उकिरड्यावर टाकायचं. सगळा हंगाम त्या ट्रेमध्ये उभा होता आणि तिच्या डोळ्यांदेखत म्हातारा होत होता.

शेवटी तिनं एक ट्रे कमरेवर घेतला आणि कटकटे आबाचं रान गाठलं. हा म्हातारा वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक. आडनाव वेगळं होतं, पण प्रत्येक गोष्टीत खोड काढायचा म्हणून गावानं त्याला हे नाव दिलेलं. आबाच्या रानात लावण चालू होती. सरीत टवटवीत, पोपटी, कोवळं रोप लागत होतं.

"आबा, रोप कुठनं आणलंत?" आक्कानं विचारलं.

"नर्सरीतनं. दुसरं कुठनं आणणार?"

"माझ्याकडं तर आला नाहीत."

आबानं डोळे बारीक करून तिच्याकडं पाहिलं. "तू मॅनेजरची बहीण ना? तिथं पाणी घालतेस ती? अगं, नर्सरी फाट्यावर नेली की त्यानं, महिना झाला. एवढा मोठा बोर्ड लावलाय. तुला सांगितलं नाही?"

आक्काला ट्रे खाली ठेवायचंही सुचेना. "आबा, नर्सरी माझी आहे," ती म्हणाली.

आबा हसला. वाईट हसला नाही, पोराला समजावताना हसतात तसा हसला. "असू दे, असू दे. मॅनेजर सांगतोच सगळ्यांना. बहीण आहे, कपाळ फुटलंय बिचारीचं, डोक्यानंही जरा अशीच, माणसात येत नाही. म्हणतो, मीच सांभाळतो, तिचा जीव रमावा म्हणून चार ट्रे देतो हाताखाली. पोरगा गुणाचा आहे हो. आजच्या काळात बहिणीला कोण बघतं?"

इतकी वर्षं. इतकी वर्षं तिनं त्याला जेवू घातलं, आणि तो फाटकात उभा राहून हे सांगत होता. नर्सरी नेली असती तर नेली असती. पण त्यानं तिचा सगळा जन्मच उचलून आपल्या नावावर केला होता. आक्काला रडू आलं नाही. ती तशीच फाट्यावर गेली.

नवी जाळी, नवे बांबू, आणि फाटकात खुर्चीवर मॅनेजर. तिला पाहून तो उठला, मग परत बसला.

"सासरे बरे आहेत का?" आक्कानं विचारलं.

"आक्का, चिडू नकोस. आज ना उद्या मी सांगणारच होतो."

"मी डोक्यानं अशीच आहे, हेही सांगणार होतास?"

त्याची नजर पायाशी गेली. "गिऱ्हाइकासमोर काहीतरी बोलावं लागतं. बाईचा धंदा म्हटलं की लोक भाव पाडतात. आपल्या भल्यासाठीच बोललो."

"आणि माझी गिऱ्हाइकं? तीही माझ्या भल्यासाठी आणलीस इकडं?"

आता त्यानं मान वर केली. "तुझी कुठली? एकाचं तरी नाव सांग. तू माल केलास, आक्का. गिऱ्हाईक मी केलं. उन्हात मी उभा राहिलो, लग्नामयताला मी गेलो. मला बायको आहे, उद्या पोरं होतील. जन्मभर तुझ्या फाटकातच बसू? धंद्यात नातं आणू नये."

कुंपणानंच शेत खाल्लं, वर शेताला शहाणपण शिकवलं. खरंच तिला एकाही गिऱ्हाइकाचं नाव धड येत नव्हतं. ते तिला त्याच्या बोलण्याहून जास्त लागलं. ती परत आली आणि ट्रे जागेवर ठेवून वाफ्याच्या कडेला बसून राहिली.

"टाक उपटून," मावशी म्हणाली. "बघवत नाही."

"राहू दे. पिण्यापुरतं पाणी दे त्यांना," आक्का म्हणाली. का म्हणाली, ते तिलाही सांगता आलं नसतं.

लावणीच्या दिवसांत आभाळ झाकोळलेलं होतं. ते फाटलं आणि ऊन पडलं, तेही कोरडा वारा घेऊन. माती तव्यासारखी तापली. मॅनेजरनं घाईघाईत वाढवलेलं, कधी ऊन न पाहिलेलं ते पोपटी रोप सरीत झोपलं ते झोपलंच. गावोगाव टोमॅटोच्या लावणी करपल्या.

आणि गिऱ्हाइकं आली. आक्काच्या फाटकावर आली. पुढं कटकटे आबा, हातात वाळक्या रोपांची जुडी.

"ए बाई, हे काय दिलंस?" आबा कडाडला. "मॅनेजर म्हणतो, रोप बहिणीनं केलं होतं, तिच्या हातून बिघडलं. आमची लावण बुडाली. भरपाई कोण देणार?"

मावशीनं तोंड उघडलं, पण आक्कानं तिला हातानं थांबवलं. हात मातीनं भरलेले होते. ते न धुता ती फाटकात आली. इतक्या माणसांपुढं ती कधी बोलली नव्हती.

"आबा, ती जुडी इकडं द्या." तिनं एक रोप घेतलं, खोड दोन बोटांत दाबलं. "हे सावलीतलं आहे. असं रोप मी देत नाही. तुमच्यापैकीच एकाला मी टेम्पोसकट परत पाठवला होता. आहे का तो इथं?"

मागनं एकजण पुटपुटला, "मीच तो. पण मॅनेजर म्हणाला, पाऊस येणार म्हणून थांबवलं."

"थांबवलं मी. नर्सरी माझी, जमीन माझ्या नवऱ्याची, बी माझ्या हातचं. भावाला मी वाढवलं, त्यानं मला नाही. हे तुम्हाला आधी सांगायला पाहिजे होतं, ते सांगितलं नाही ही माझी चूक. भरपाई मी देणार नाही. रोप आहे, ते विकत देईन."

ती त्यांना आत घेऊन गेली. ट्रेमधलं रोप पाहून आबानं नाक मुरडलं. "ही तर काटकी झालीय. फुकट दिलीस तरी कोण नेईल?"

"उशीर झालाय, खोटं बोलत नाही. म्हणून भाव कमी लावीन. पण ऊन खाऊन उभं आहे. खालची पानं खुडा, खोड सरीत तिरकं निजवा आणि शेंडा तेवढा वर ठेवा. टोमॅटोच्या खोडाला मातीत मुळं फुटतात. संध्याकाळी लावा."

"आणि नाही जगलं तर?"

"तर मी इथंच आहे. फाट्यावर जायची नाही."

आबानं खोड दाबून पाहिलं, पानं चोळली, वास घेतला, आणखी दहा चुका काढल्या. मग म्हणाला, "दे. माझं नाव लक्षात ठेव, उद्या भांडायला यायचंय." आक्कानं नाव विचारलं. मग मागच्याचं विचारलं, त्याच्या मागच्याचं विचारलं. ट्रे हलायला लागले. मावशी डोळे पुसत होती आणि वर म्हणत होती की कचरा गेलाय डोळ्यात.

ऊन कलताना मॅनेजर आला. गर्दी पांगली होती, शेवटच्या रांगा तेवढ्या उरल्या होत्या. तो उतरलेल्या चेहऱ्यानं वाफ्याशी उभा राहिला. कितीही झालं तरी कडेवर खेळवलेलं पोर.

"आक्का, लोकांनी दार धरलंय माझं. उरलेली रोपं दे. नाहीतर आपलं नाव जाईल."

"आपलं?" आक्का म्हणाली. "गावात नाव तुझंच आहे रे. माझं जायला तू काही शिल्लक कुठं ठेवलंस?"

त्याच्या गालावरून घाम ओघळत होता. दिवसभर पोटात काही नसावं, आवाजावरून तिला कळत होतं.

"हे बघ," ती म्हणाली, "गिऱ्हाईक म्हणून आला असशील, तर रोप देते. जो भाव सगळ्यांना, तोच तुला. भाऊ म्हणून आला असशील, तर रोपाचं नाव काढू नकोस. हातपाय धू, आत चल, पोटभर जेव. मी काही विचारणार नाही."

मॅनेजरनं एकदा घराच्या उघड्या दाराकडं पाहिलं, एकदा ट्रेंकडं पाहिलं. फार वेळ घेतला नाही त्यानं.

"रोपं दे," तो म्हणाला.

आक्कानं मावशीला हाक मारली आणि ट्रे मोजून द्यायला सांगितले. स्वतः ती आत गेली. मघाशी तो रस्त्यावर लांबून दिसला, तेव्हाच आत जाऊन तिनं चुलीवर त्याच्या वाटचं जेवणही चढवलं होतं. ते तिनं उतरवून ठेवलं.