जर्दाळू रंगाची जास्वंद

काचेच्या कपात मावा तरंगत होता. काळे, टाचणीच्या टोकाएवढे किडे. कप कलला की चहा शेंबडासारखा ओघळे.

"घ्या ना बाई," यज्ञेश्वर गोगटे म्हणाले. "ताज्या जास्वंदीचा आहे. केमिकलचं नाव नाही."

निवृत्त शिक्षिका मुमताज शेख चहाला आल्याच नव्हत्या. गोगटे कर्वेनगरातल्या त्या सोसायटीचे सेक्रेटरी, आणि त्यांच्या सहीची नोटीस बाईंच्या पर्समध्ये होती : जिन्याजवळच्या कुंडीची दुर्गंधी येते, रविवारपर्यंत हलवावी. बाईंच्या फ्लॅटला बाल्कनी नव्हती. हलवायची म्हणजे टाकायची. कुंडीतली फांदी त्यांच्या आईने, ती गेली त्या वर्षी लावली होती.

"फुलं उलगडून धुतली होती का? मधला तुरा काढून?"

"छे! धुतल्यावर सत्त्व जातं." गोगट्यांनी मोठा घोट घेतला. कप खाली आला तरी मिशीपासून कपापर्यंत एक तार लोंबत राहिली. बाईंनी मान फिरवली आणि त्यांना ताटली दिसली.

ताटलीत एक फूल उरलं होतं. जर्दाळू रंगाचं, आत गडद किरमिजी. अख्ख्या सोसायटीत तशा जास्वंदीची एकच कुंडी होती, बाईंची. तीन महिने तिला संध्याकाळी कळ्या दिसत, सकाळी नुसते देठ.

"कुठली हो ही?"

"असतात इकडेतिकडे."

"इकडेतिकडे काय?" गोगट्यांच्या पत्नी कुसुमताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "फिरायला जाताना जिन्याजवळनं तोडता की! बाईंनीच न्या म्हणून सांगितलंय म्हणालात ना?"

बाईंनी आपला कप दूर सारला. किळस चहाची की माणसाची, ते त्यांना ठरवता येईना. त्यांनी नोटीस टेबलावर ठेवली.

"दुर्गंधी कसली, ते तुम्ही विचारलंच नाहीत. मावा पडलाय म्हणून तंबाखू उकळून आंबलेल्या ताकात घालते आणि फवारते. काल संध्याकाळीही फवारलं. आता आधी चूळ भरा, मग डॉक्टरांना फोन करा. त्यांना तंबाखू सांगा, नुसती जास्वंद नको."

गोगटे बेसिनकडे धावले. आतून बराच वेळ आवाज येत राहिले. कुसुमताईंनी आधी डॉक्टरांना फोन लावला, मग नोटीस वाचली आणि पेन शोधून आणलं.

गोगटे ओल्या तोंडाने बाहेर आले.

"रद्द लिहा," कुसुमताई म्हणाल्या. "आणि सही करा. मग रिक्षा."

त्यांनी लिहिलं. अंगठ्याचा बुळबुळीत डाग सहीशेजारी उमटला. बाईंनी कागद कोपऱ्याला दोन बोटांत धरला आणि तसाच, अंगापासून लांब, खाली नेला.