उरलेलं भांडण

“रांग? कसली रांग रे, शिरीष?” आईनं आमटीचा डाव हवेतच धरला. “ती रांग सुरू कुठून होते, ते तरी दाखव मला.”

मी टेबलाखालून तिचा पाय दाबला. तिनं तो काढून घेतला.

सन २०००चा वसंत. न्यूझीलंडमध्ये, लोअर हटमधल्या आमच्या घरात त्या शनिवारी सकाळपासून रेडिओ चालू होता, आणि विषय एकच. व्हिसा संपूनही वर्षानुवर्षं इथे राहिलेल्यांना, इथे रुजलेल्यांना सरकार आता कायम राहण्यासाठी अर्ज करू देणार होतं. रेडिओवर फोन करणारे कुणी रडत होते, कुणी सरकारला शिव्या घालत होते. बातमी आल्यापासून आई घरात चालत नव्हती, पळत होती.

बाबा गेल्यानंतर, सात वर्षांपूर्वी, ती मला भेटायला म्हणून आली. तेवढ्यात माझ्या भावानं पुण्यातलं घर विकलं आणि फोन घेणं बंद केलं. व्हिसा संपला, आई राहिली. कुणी विचारलं तर ‘आई आलीय भेटायला’ एवढंच आम्ही सांगायचो. सोमवारी वकिलाकडे जायचं ठरलं होतं. तोवर कुणापुढे तोंड उघडू नकोस, असं मी तिला बजावलं होतं.

पण सदाशिव पेठेतली ही बाई सात वर्षं कुणाशी भांडली नव्हती. कोपऱ्यावरच्या डेअरीत शिळा पाव मिळाला तरी थँक्यू म्हणून यायची. भांडणारा माणूस लोकांच्या लक्षात राहतो, म्हणायची.

शिरीष आणि त्याची बायको श्यामला आमच्याच रस्त्यावर राहायचे. वर्षापूर्वीच या देशात आलेले, आमच्या रस्त्यावर तर दोनच महिन्यांपूर्वी. त्या दिवशी ते जेवायला होते.

“काकू, आम्ही पॉइंट्स जमवून, रांगेत थांबून आलो,” शिरीष म्हणाला. “डिग्री, अनुभव, इंग्लिशची परीक्षा. आणि हे लोक लपून बसले म्हणून त्यांना बक्षीस?”

“लपून बसणं सोपं वाटतं तुला? दाढ दुखली की लवंग धरून बसायचं. पोलिसाची गाडी दिसली की दुकानात शिरायचं आणि नको असलेले कांदे घेऊन बाहेर यायचं.”

“तुम्हाला बरं ठाऊक!” श्यामला हसली.

“रेडिओ ऐकते ना. नवऱ्यालाही ऐकव. आणि दुसऱ्याचं ऐकून घेण्याचे किती पॉइंट्स असतात, ते विचार त्याला.”

“शून्य, काकू. म्हणून तर पास झालो!”

आईसुद्धा हसली, पण सोडलं नाही. गाल लाल, पदर खोचलेला. तिला असं मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मला भीती वाटत होती आणि टाळ्याही वाजवाव्याशा वाटत होत्या.

“कायदा म्हणजे कायदा,” शिरीषही आता पेटला. “तुमचं बरंय. तुम्ही परत जाल. राहायचंय आम्हाला.”

आईनं डाव खाली ठेवला.

“मी...” ती म्हणाली.

“आई, पोळी करपतेय!” मी ओरडले. तव्यावर पोळी नव्हती.

जाताना शिरीष दारात वाकून तिच्या पाया पडला. “मजा आली, काकू. थेट माझ्या आईसारख्या भांडता.”

दार लागल्याबरोबर तिनं माझे दोन्ही हात धरले. “श्रुती, काय छान वाटलं गं! घसा बसला माझा! मंगळवारी पुन्हा बोलाव त्याला. आज अर्धंच झालं. उरलेलं मी सगळं सांगून भांडणार आहे.”

मग भांडी घासताना ती मुद्दे जुळवत राहिली, मध्येच स्वतःशी मान हलवत.

रविवारी सकाळी वाऱ्यात चादरी वाळत घालताना ती दोरीखाली कोसळली. अ‍ॅम्ब्युलन्स आली तेव्हा सगळं संपलं होतं.

अंत्यसंस्काराच्या हॉलमध्ये शिरीष माझ्याजवळ आला. त्याचे डोळे सुजले होते. खरंच रडला असावा.

“बिचाऱ्या काकू,” तो हलकेच म्हणाला. “चार दिवस पाहुण्या म्हणून आल्या, आणि परक्या मुलखात...”

“पाहुणी नव्हती ती.”

माझा आवाज मला वाटलं होतं त्यापेक्षा मोठा निघाला. पुढच्या खुर्च्यांवरच्या माना वळल्या.

“सात वर्षं इथे राहत होती, शिरीष. व्हिसा नव्हता तिच्याकडे. माझी आई ओव्हरस्टेयर होती. आता बोल.”