सुपडूचा कॉम्प्युटर

दोन लेकरं पाळण्यातच गेली, म्हणून कुंदाबाईनं तिसऱ्याला जन्मल्याबरोबर सुपात घालून उंबऱ्यावरून ओढलं आणि नाव ठेवलं सुपडू. टाकाऊ समजून यम हात लावणार नाही, ही आपल्याकडची जुनी शक्कल. यम वीस वर्षं फसला. पोराला मात्र त्या नावाच्या मिरच्या झोंबत. जळगावच्या कॉलेजात गेल्यावर तो संदीप झाला आणि पिंप्राळ्यातल्या सगळ्या कॉलनीला त्यानं तसंच म्हणायला लावलं. "आसं नाव ठेवताना तुले लाज नही वाटनी का?" असं तो आईला एकदा बोलला आणि महिन्याभरात काविळीनं गेला. पोरगा आपल्यावर राग धरूनच गेला, या विचारानं आठ महिने कुंदाबाईच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

त्याचा विकायला काढलेला कॉम्प्युटर बघायला धुळ्याहून भिका आला. पोरांना तासावर गेम खेळू द्यायचं दुकान तो टाकत होता. दुधानं तोंड पोळलेला माणूस. आधी घेतलेलं जुनं मशीन अर्ध्या तासात तापून बंद पडलं होतं. म्हणून दाराशी चपला काढून तो थेट खुर्चीत बसला आणि त्यातलाच मोटारींच्या शर्यतीचा गेम लावून तासभर खेळला. मशीन थकलं नाही. मग जुन्या मालाबरोबर व्हायरसचा रोग नको, म्हणून आतलं सगळं पुसून टाकायला त्यानं फ्लॉपी घातली.

"अक्का, यान्हामा तुमनं काही कामनं शे का? बठ्ठं पुशी टाकस."

"माले काय समजस त्यान्हं? टाक पुशी," कुंदाबाई चुलीपाशी चहा ढवळत म्हणाली.

पुसून झाल्यावर चहा पिताना भिका खुशीत होता. "मशीन चोखं शे. पन हाऊ सुपडू कोन, अक्का? संदीपना दोस्त का? गेममा पहिला दहा नंबर त्यान्हाच. जठे नाव लिखानं, तठे सुपडू. मी येवढा खेळनू, तरी त्यान्ले मांगे टाकता उनं नही."

कुंदाबाईच्या हातातली बशी कलंडली. कोणी बघत नसताना पोरानं स्वतःच्या हातानं दहादा तेच नाव लिहिलं होतं.

"तो मन्हा आंडोर, मन्हा पोऱ्याच, भाऊ. ते नाव माले दखाड."

भिकाही तसलाच, भीक मागून जगवलेला, म्हणून तसं नाव पडलेला. त्याला जास्त सांगावं लागलं नाही.

"अक्का, आतेच बठ्ठं पुशी टाकं ना मी."

तिचं तोंड बघवेना, तेव्हा त्यानं पुसल्यावर उरलेल्या काळ्या पडद्यावर सुपडू हे नाव इंग्रजीत टाइप केलं. तिनं एकेका अक्षरावर बोट ठेवलं. सवयीनं भिकाचा हात एंटरवर पडला आणि खाली इंग्रजीत ओळ उमटली, या नावाचं इथं काही नाही अशी.

"खाले काय लिखेल शे?"

"सुपडूच, अक्का. आजून एक डाव सुपडू."

कुंदाबाईनं पदरानं काच पुसली.

"मंग हाई मशीन बंद करू नको, भाऊ."