दहापैकी नऊ

मोठ्या साहेबांना मिस्त्री दर महिन्याला दहापैकी नऊ गुण द्यायचे, आणि देताना दातओठ खायचे.

हे काय प्रकरण ते जरा नीट सांगायला हवं. मिस्त्री म्हणजे लिफ्टचे मिस्त्री. चौतीस वर्षं त्यांनी गावभरच्या लिफ्ट दुरुस्त केल्या आणि निवृत्त होऊन तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या दोन खोल्यांत येऊन बसले. त्या इमारतीला लिफ्ट नव्हती, हा भाग वेगळा. आणि मोठे साहेब म्हणजे देशाचे प्रमुख. साथ आली तेव्हा हे गृहस्थ रोज संध्याकाळी सात वाजता टीव्हीवर यायचे, घसा खाकरायचे आणि सगळं आटोक्यात आहे म्हणून सांगायचे. मिस्त्रींना त्यांचं तोंड बघवत नसे. पण सातच्या ठोक्याला टीव्ही लावल्याशिवाय राहवतही नसे.

"आला बघ भाषणवाला!" ते ओरडायचे. "आटोक्यात आहे म्हणे! कोणाच्या आटोक्यात? तुझ्या काकाच्या?"

बायको आतल्या खोलीतून, शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणायची, "अहो, साहेब बिचारे दिवसरात्र राबतायत. तुम्ही काय करताय? खुर्ची गरम."

झालं! मग जे काही पेटायचं ते जेवणापर्यंत विझायचं नाही. मिस्त्री बोटांवर मोजून एकेक चूक सांगायचे. दवाखाने अपुरे, औषधं गायब, दारं बंद करायचा हुकूम दिला तोही जेमतेम चार तास आधी! बायको प्रत्येक चुकीवर पांघरूण घालायची. भांडता भांडता मिस्त्री दोन घास जास्तच खायचे.

साथीच्या दुसऱ्या महिन्यात एका पाहणी संस्थेचं पत्र आलं. सरकार साथ कशी हाताळतंय, याबद्दल लोकांचं मत त्यांना हवं होतं. दर महिन्याला तीच माणसं, तेच प्रश्न. हिरव्या पाकिटातून कागद येणार, तो भरून पोस्टात टाकायचा. घरातल्या मोठ्या माणसांपैकी ज्याचा वाढदिवस आधी येतो त्याचं मत घ्यायचं, असा त्यांचा नियम होता. बायकोचा वाढदिवस अकरा दिवसांवर होता आणि मिस्त्रींचा पाच महिन्यांवर. म्हणजे बघा! घरात दिवसभर मतं मांडतंय कोण, आणि विचारलं कोणाला!

"वाढदिवसावरून मत घेतात? यांच्या डोक्याचा वरचा मजला रिकामा आहे," मिस्त्री म्हणाले.

"जळू नका," बायको म्हणाली. "आणि इथं लिहिलंय, घरच्यांना न विचारता, न दाखवता भरावा. तेव्हा व्हा बाहेर."

तिनं चक्क दार लावून घेतलं. कापडावर खुणा करायची तिची निळी पेन्सिल होती, त्याच पेन्सिलीनं ती तो कागद भरायची आणि लगेच पाकिटाला डिंक लावून टाकायची. अकरा महिने असं चाललं. मिस्त्रींनी एकदा दिव्यासमोर पाकीट धरून बघितलं, तर तिनं हातातून ओढून घेतलं. "साहेबांना पैकीच्या पैकी दिलेत, झालं समाधान?" असं म्हणाली आणि खुदकन हसली.

बाराव्या महिन्यात ती आजारी पडली.

दवाखान्यात खाट नव्हती. तळमजल्यावरच्या बोळात, लिफ्टच्या दाराशी, तिला एका बाकावर टेकवून ठेवलं. त्या लिफ्टचा दोर मिस्त्रींनी स्वतः दोनदा बदलला होता. आतली प्रत्येक चकती त्यांना ठाऊक होती, आणि वरच्या मजल्यावर खाट मिळवायला त्यातलं काहीच कामाचं नव्हतं. पाच तास गेले. मिस्त्रींचे हात थरथरत होते. ते तिच्याकडे बघत होते आणि त्यांना शब्द फुटत नव्हता. तेवढ्यात भिंतीवरच्या टीव्हीत साहेब आले. बायकोनं तोंडावरची पट्टी जराशी खाली सरकवली.

"अहो," ती धापा टाकत म्हणाली, "साहेबांचं काही चुकलं नाही, बरं का. माणूस तरी किती ठिकाणी पुरणार?"

मिस्त्रींचं डोकंच सटकलं. "अजून? इथं बसून अजून त्याचीच तळी उचलतेस? अक्कल गहाण टाकलीस का बाई तू?" सगळा बोळ वळून बघायला लागला. त्यांनी जाऊन खिडकीतल्या माणसाला धारेवर धरलं, वरच्या डॉक्टरला खाली बोलावून आणलं, आणि अर्ध्या तासात चाकाची खाट आली. तिला आत नेलं. आत कोणाला जाऊ देत नव्हते. चौथ्या दिवशी दवाखान्यातून फोन आला.

म्हणजे एकेचाळीस वर्षांच्या संसारातलं मिस्त्रींचं शेवटचं वाक्य होतं, अक्कल गहाण टाकलीस का. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. परदेशातली मुलगी दर रविवारी फोन करायची. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, बाहेर फार फिरत नाही ना. तिला ते तीन वेळा हो म्हणायचे, म्हणजे तिसऱ्याला नाही म्हणायचे, आणि फोन ठेवायचे. उरलेल्या सहा दिवसांत त्यांचा आवाज बसून जायचा. दूधवाल्याशी बोलायच्या आधी घसा साफ करावा लागायचा. सातला टीव्ही लागायचा, साहेब बोलायचे, मिस्त्री गप्प बसून ऐकायचे. शिव्या द्यायच्या तरी कोणासमोर?

मग तिचं नाव एकेका ठिकाणाहून निघायला लागलं. बँकेतून निघालं, मतदारयादीतून निघालं, वाचनालयानं कार्ड परत मागितलं. प्रत्येक खिडकीवर मिस्त्रींनी तोच दाखला पुढे सरकवला. आणि एका दुपारी दाराखालून हिरवं पाकीट आत आलं, तिच्या नावाचं! तिचं मत काय, असं जगात अजून कोणीतरी विचारत होतं.

मिस्त्रींनी ते आठवडाभर टेबलावर ठेवलं. ती गेल्याचं कळवलं, की पाकीट बंद होणार. शेवटी त्यांनी निळी पेन्सिल तासली, दार लावून घेतलं (घरात दुसरं कोणी नसताना, हो), आणि कागद भरायला बसले. प्रमुखांनी साथ कशी हाताळली? दहापैकी गुण द्या. मिस्त्रींच्या मनात आलं, शून्याच्या खाली काही देता येतं का बघावं. पण मत तिचं होतं. जिवंतपणी एकदाही ऐकून घेतलं नाही, आता तरी ऐकावं. पैकीच्या पैकी काही हातून निघेनात, त्यांनी नऊ लिहिले. दवाखान्यांची सोय? तो बोळ, तो बाक डोळ्यांपुढे आला. मिस्त्रींना रडू कोसळलं, आणि रडत रडत त्यांनी तिथंही आठ लिहिले. हातून कागदावर खोटं लिहायची ही आयुष्यातली पहिलीच वेळ. कुठलीही लिफ्ट न तपासता त्यांनी कधी सही केली नव्हती.

असे चार महिने गेले. पेन्सिल बोटभर उरली.

पाचव्या महिन्यात पाकीट आलं नाही. एक मुलगी आली. तोंडावर पट्टी, गळ्यात ओळखपत्र, काखेत फाइल. तीन जिने चढून तिला धाप लागली होती.

"पाहणी संस्थेकडून आलेय, काका. काकूंना भेटायचंय. दहा मिनिटांचं काम आहे."

मिस्त्री दारातच आडवे उभे राहिले. "झोपलीय," ते म्हणाले.

"थांबते ना मी. सकाळपासून नऊ दारं तोंडावर बंद झालीत, बसायला मिळालं तर बरंच आहे."

आता हिला घालवायची कशी? मिस्त्रींनी चहा टाकला. मुलगी सांगत होती, की काही कागद तपासायला त्यांच्याकडे दिले जातात, आणि काकूंचे गुण एकदम बदललेत, म्हणून साहेबांनी, म्हणजे तिच्या ऑफिसातल्या साहेबांनी, प्रत्यक्ष विचारून यायला सांगितलंय. नाहीतर नाव यादीतून काढावं लागेल.

"बदललेत?" मिस्त्री म्हणाले. "थांबा, विचारून येतो."

ते आतल्या खोलीत गेले. शिवणयंत्रावर चादर घातलेली होती. ते तिथं उभे राहिले, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले आणि बाहेर आले.

"ती म्हणते, बदललं मत. माणसाचं मत बदलू नये की काय?"

"बदलावं ना. पण एवढं? कागद काकूंना दाखवून विचारा हवं तर." मुलीनं फाइल उघडली आणि कागदांचा एक गठ्ठा काढला. "त्यांचेच आहेत, त्यांना दाखवायला हरकत नाही. अकरा महिने जवळजवळ एकसारखे गुण दिलेत त्यांनी, आणि मग एकाच महिन्यात असं काय झालं, तेवढंच आम्हाला हवंय."

मिस्त्रींनी कागद घेतले, आत गेले आणि दार लोटलं. तिच्या स्टुलावर बसून चष्मा लावला. पहिला कागद. निळी पेन्सिल, तिचे ठेंगणे आकडे. प्रमुखांनी साथ कशी हाताळली? दोन.

त्यांना वाटलं, ओळ चुकली. बोट ठेवून परत वाचलं. दोनच. दुसऱ्या महिन्यात दोन. तिसऱ्यात एक. दवाखान्यांची सोय, एक. पुढे एक, दोन, एक, आणि अकराव्या कागदावर मोठं गोल शून्य, पेन्सिल दाबून दाबून काढलेलं.

"अगं!" मिस्त्री मोठ्यानं म्हणाले. "लबाड कुठली!"

कागदाच्या तळाशी एक चौकट होती. आणखी काही सांगायचं असल्यास. ही चौकट मिस्त्रींनी चारही महिने कोरी सोडली होती. तिनं पहिल्याच महिन्यात ती काठोकाठ भरलेली होती, शिवणीच्या टाक्यांसारख्या बारीक अक्षरात.

"माझे गुण कमी आहेत, पण घरी मी साहेबांची बाजू घेते. आमचे हे निवृत्त झाल्यापासून फार गप्प झालेत. साथ आल्यापासून भितात, पण बोलत नाहीत, नुसते खिडकीत बसतात, जेवत नाहीत. साहेबांना चांगलं म्हटलं की चवताळून उठतात. राग आला की यांची भीती पळते आणि हातपाय चालायला लागतात. म्हणून खोटं बोलते. कृपया हे यांना कळवू नये."

मिस्त्रींनी ते एकदा वाचलं, मग परत वाचलं. आणि त्यांना तो बोळ दिसला. आपले थरथरणारे हात दिसले. तिनं तोंडावरची पट्टी खाली ओढली होती, तेवढाही श्वास तिच्यापाशी उरला नव्हता, आणि होता तो तिनं कशावर खर्च केला, तर साहेबांचं काही चुकलं नाही यावर. त्यानंतरच ते उठले होते. त्यानंतरच खिडकीशी जाऊन भांडले होते आणि खाट आली होती.

बाहेर चहा निवून गेला. बऱ्याच वेळानं मिस्त्री दार उघडून आले. मुलगी उभी राहिली.

"शेवटचे चार कागद फाडून टाका," मिस्त्री म्हणाले. "ते मी भरले. ती नाहीये. पाच महिने झाले."

मुलीनं फाइल जवळ ओढली. "मला नाव काढावं लागेल, काका."

"काढा. तिच्या नावावर नऊ गुण राहायला नकोत. तिला अजिबात खपलं नसतं."

"तुमचं मत घेता आलं असतं तर... पण बदली माणूस चालत नाही. नियम आहे."

"माझं मत तिनं लिहून ठेवलंय," मिस्त्री म्हणाले. "अकरा वेळा."

मुलीनं यादी काढली, नावावर रेघ मारली आणि त्यांची सही घेतली. कागद तिला परत न्यावेच लागले. पण पहिल्या कागदाचा तिनं फोनवर फोटो काढला, मिस्त्रींकडे त्यांचा फोन नंबर मागितला आणि त्यावर पाठवून दिला. नियमात हे बसत नसणार. मग ती तीन जिने उतरून गेली, आणि शेवटच्या पायरीपर्यंत मिस्त्री तिची पावलं ऐकत दारात उभे राहिले.

सात वाजले. मिस्त्रींनी टीव्ही लावला. साहेबांनी घसा खाकरला, सगळं आटोक्यात आहे म्हणाले. मिस्त्री उठले आणि त्यांनी आतल्या खोलीचं दार सताड उघडलं. शिवणयंत्रावरची चादर काढून घडी घातली. मग खुर्चीत येऊन बसले, घसा साफ केला आणि आत ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले,

"साहेबांचं काही चुकलं नाही, बरं का."

आणि मान वळवून थांबले.