चारशेचा शेअर पावणेदोनला

सासूबाईंनी शिलाईचं दुकान विकलं आणि तिसऱ्याच दिवशी जावई घरी हजर झाले. घरात त्यांना पाठीमागे टार्गेटराव म्हणत. बोलण्यात दर दोन वाक्यांनी कुठल्या ना कुठल्या शेअरचं टार्गेट यायचं आणि ते आजवर एकदाही गाठलेलं नव्हतं. या खेपेला एका टेलिकॉम कंपनीचा शेअर होता.

"चारशेला होता, आई! आज पावणेदोनला मिळतोय. नुसता जुन्या भावाला आला तरी तुमच्या सात पिढ्या बसून खातील."

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. बाळंतपणाआधी सून ब्रोकरच्या ऑफिसात हेच काम करायची, कंपन्यांची किंमत काढण्याचं. "तू बघ गं जरा. तीस वर्षांची कमाई आहे. तू हो म्हणालीस तर सगळे पैसे घालते."

"वहिनींनी बघायलाच हवं," टार्गेटराव हसले. "तेवढाच विरंगुळा."

विरंगुळा! सुनेने दात आवळले. लेकीला दूध पाजताना तिने कंपनीचा दोनशे पानी अहवाल मोबाईलवर उघडला. सात महिन्यांचा तो ऊबदार गोळा खांद्यावर घेऊन ती कर्जाच्या तक्त्यापर्यंत पोचली, तेव्हा लेकीने तिच्या गळ्याशी एक समाधानाचा सुस्कारा सोडला. अहवाल लिहिणाऱ्यांपेक्षा ही जास्त प्रामाणिक, असं तिला वाटलं. लेकीला पाळण्यात ठेवून ती बाहेर आली. लेक उठेपर्यंत चाळीस मिनिटं हातात होती.

नणंदबाई नवऱ्याशेजारी सोफ्यावर होत्या. टार्गेटरावांनी फोनवर रॉकेटचं चित्र असलेली फाईल काढून ठेवली होती. कुठल्याशा ग्रुपवर आलेली ती फाईल म्हणजे त्यांचा सगळा अभ्यास.

"भावजी, चारशेला होता तेव्हा शेअर किती होते?"

"किती म्हणजे? शेअर तो शेअर."

"दहा कोटी. कर्ज फिटेना म्हणून बँकांना शेअरच वाटले. आता अडीचशे कोटी आहेत." ती सासूबाईंकडे वळली. "आई, कापडाचा तागा तोच. आधी दहा तुकडे होते, आता अडीचशे केलेत."

सासूबाईंना क्षणात कळलं. "म्हणजे तुकडा रुमालाएवढा झाला. आणि जावईबापू म्हणतायत, यातून पुन्हा कोट निघेल."

नणंदबाई खुदकन हसल्या. टार्गेटराव मात्र हार मानणारे नव्हते. त्यांनी फोनवर भागाकार केला. "बरं, अख्ख्या कंपनीची जुनी किंमत धरा. अडीचशेने भागा. सोळा येतात! पावणेदोनाचे सोळा! नऊपट, वहिनी!"

"तेव्हा टॉवर कंपनीच्या मालकीचे होते. तीन वर्षांपूर्वी विकले. आता तेच भाड्याने घेतात. लायसन्सची मुदत पुढच्या वर्षी संपते. उरली जमिनीखालची केबल. ती फार तर तीनशे कोटींची, आणि कर्ज अजून नऊशे कोटींचं. केबल विकली तरी सावकारांचंच भागत नाही. आपल्यापर्यंत काय येणार?"

"तुमचं आपलं पुस्तकी. नुसतं शून्य म्हणून मोकळं व्हायचं. मग पावणेदोनला घेतंय कोण?"

"तुमच्यासारखे."

जरा जास्तच झालं का, असं सुनेला वाटलं, पण परत घ्यावंसं मुळीच वाटलं नाही.

सासूबाईंनी चष्मा पुसला. तीस वर्षं गिऱ्हाइकाच्या अंगाला टेप लावून, बोलण्यावर नाही तर मापावर विश्वास ठेवलेली बाई. "दुकानाचे पैसे बँकेतून हलणार नाहीत. आता एक सांगा, तुम्ही स्वतः घेतलेत का हे?"

"घेतलेत ना! मी दुसऱ्यांना उगाच सांगतो का? सरासरी नऊने पडलेत." टार्गेटराव अभिमानाने बोलून गेले आणि मग त्यांच्या लक्षात आलं की बायको शेजारीच बसली आहे.

"नऊने?" नणंदबाईंचं हसू थांबलं. "कधी घेतलेस? कुठले पैसे?"

"दीर्घ मुदतीचा विचार आहे माझा."

आत लेक कुरकुरली. सून तिला कडेवर घेऊन आली, तेव्हा नणंदबाईंनी नवऱ्याच्या हातातून फोन काढून घेतला होता. "वहिनी, किती घेतलेत ते यात कुठे दिसतं गं?"

सुनेने बोटाने दाखवलं. लेकीची मूठ तिच्या पदराला घट्ट लटकलेली होती. नणंदबाईंनी पडद्यावरचा आकडा पाहिला, पुन्हा पाहिला. घर घ्यायला साठवलेले पैसे होते ते.

"विकले नाहीत तोवर तोटा होत नसतो," टार्गेटराव म्हणाले.

नणंदबाईंनी फोन स्वतःच्या पर्समध्ये टाकला आणि चेन लावली.